स्वयंपाकघराचा चार्ज

आई गेल्यानंतरचे तेरा दिवस आमच्या बसवनगुडीच्या घरात लोक येऊन खोटं बोलत होते. मुद्दाम नव्हे, मुद्दाम खोटं बोलायला थोडी तरी अक्कल लागते. मेलेल्या बाईबद्दल जे बोलायची पद्धत आहे, ते बोलत होते. ती अन्नपूर्णा होती. तिने कधी कुणाला दुखवलं नाही. तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. माझ्या धाकट्या भावाने तर तिचा एक जुना फोटो घेतला, मागे उगवता सूर्य आणि बाजूला दोन समया लावल्या, वर 'आई म्हणजे त्याग' असं लिहिलं आणि सगळ्या ग्रुपांवर पाठवला. मूळ फोटोत आईच्या कपाळाला आठ्या होत्या, कारण फोटो काढणारा फार वेळ लावत होता. भावाने त्या आठ्या कुठल्याशा अ‍ॅपने पुसून टाकल्या. खाली दीडएकशे लोकांनी हात जोडले.

ज्या बाईला हे लोक हात जोडत होते, ती मला ओळखू येईना. माझी आई वेगळी होती आणि हिच्यापेक्षा पुष्कळच बरी होती, म्हणून हे लिहिते आहे.

आई बोम्मसंद्र्यात यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्सला होती. कारखान्याच्या फाटकातून आत आलेला माल तपासायचा आणि वाईट असेल तो परत पाठवायचा, हे तिचं काम. नोकरीभर ती ते करत राहिली आणि घरीही तिचा स्वभाव तोच होता. पाहुण्यांनी आणलेली मिठाई शिळी असली तर ती तसं सांगायची. नातेवाइकांतल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी दुखवलेलं होतं आणि बहुतेकांना ते लागू पडलं होतं. आता तेच लोक डोळ्यांना पदर लावून तिच्या गोड स्वभावाबद्दल बोलत होते. आईच्या हातची चव म्हणून जे काही लोक सांगतात, ते आमच्या घरात नव्हतं. पोळ्या जाड, भाजीला एकच फोडणी, पातळ आमटीसारखं सारू रोज तेच. कंपनीची बस यायच्या आत सगळ्यांचे डबे मात्र भरलेले असत. मी कधी शाळेत डब्याशिवाय गेले नाही आणि डबा उघडून कधी खूशही झाले नाही. मला ती फार आवडायची.

अशा बाईने जन्मभर एक मोठा मूर्खपणा केला. तिने आमच्या अप्पांना कशालाही हात लावू दिला नाही.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कन्नड मुलखातलं. घरातले पुरुष मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा बोलतात आणि तिन्ही भाषांतून पाणी मागतात. अप्पा बँकेत मॅनेजर होते. तिकडे त्यांच्या सहीला वजन होतं. घरी आले की त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नसे. शर्ट पलंगावर काढून ठेवायचा, चष्मा हातात द्यायचा, ताट वाढून समोर आणायचं. आमटीत मीठ कमी असलं तर अप्पा बोलत नसत, नुसते ताटाकडे बघत राहत. आई उठायची. दिवसभर कारखान्यात पुरुषांना उभं करून जाब विचारणारी बाई, घरी नवऱ्याने वाटीकडे पाहिलं की उठायची. हे मला लहानपणीही समजत नव्हतं आणि अजूनही समजलेलं नाही. सासूने लावलेली सवय, असं ती म्हणायची. सासू जाऊनही जमाना झाला होता.

मग तिच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन करण्यात फार धोका आहे, गोळ्यांवर जितकं निभेल तितकं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी बरोबर होते. आईने एकच विचारलं, "साधारण किती?" डॉक्टर घोळवत बोलायला लागले, तेव्हा ती म्हणाली की अंदाज सांगा, सही मागत नाहीये. ते म्हणाले, वर्ष, दोन वर्षं. रिक्षात बसून परत येताना ती पूर्ण रस्ता बाहेर बघत होती. मला वाटलं, घाबरली असेल. घरी आल्यावर चपला काढता काढता तिने अप्पांना सांगितलं, "अहो, उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे."

नोकरी सोडणारा माणूस त्याच्या जागी येणाऱ्याला चार्ज देतो. कुलपं, किल्ल्या, कुठला माल कुठे आहे, कुठला माणूस लबाड आहे, सगळं दाखवून देतो. आईने अप्पांना स्वयंपाकघराचा चार्ज द्यायला घेतला. ती दारात खुर्ची टाकून बसायची, हात मांडीवर. दूध उतू गेलं तरी उठायची नाही. "पुसा" म्हणायची. पहिल्या आठवड्यात तिने बाकी फारसं काही म्हटलंच नाही. अप्पांनी एकदा वही आणली, कृती लिहून घ्यायला. आईने ती परत कपाटात ठेवायला लावली. कागद दिला की माणूस कागद शोधत बसतो, आमटी करपते, असं तिचं म्हणणं.

"मीठ किती घालू?" अप्पांनी विचारलं.

"जेवणार कोण आहे?"

"मी. आपण."

"मग तोंड आहे ना? चाखा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मीठ कमी असलं तर नुसतं ताटाकडे पाहिलं होतं, तो माणूस पळी हातात धरून उभा होता आणि त्याला ठरवता येत नव्हतं. मला हसू येत होतं. आईला येत नव्हतं.

सगळ्यात मोठी लढाई वांग्यांवरून झाली. अप्पा गांधीबाजारात जाऊन वांगी घेऊन आले. आईने एक उचलून दाबून पाहिलं आणि परत करून या म्हणाली. बँकेचा निवृत्त मॅनेजर भाजीवालीकडे वांगी परत करायला जाणार, हे अप्पांना मरणप्राय वाटलं. ते पिशवी घेऊन गेले, जुनी वांगी कुठल्यातरी गाईला घातली, दुसऱ्या बाईकडून नवी विकत घेतली आणि घरी येऊन म्हणाले, बदलून दिली. आईने ती हातात घेऊन पाहिली.

"बदलून दिलेली वांगी एवढी चांगली नसतात हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः, धापा टाकत, त्यांच्याबरोबर बाजारात गेली आणि कडेला उभी राहून त्यांच्याकडून दोन जून काकड्या परत करवल्या. भाजीवाली हसून "सरी बिडी सार, तगोळ्ळी", बरं, घ्या, म्हणाली आणि चांगल्या काढून दिल्या. अप्पा घरी येईपर्यंत तिच्या चार पावलं पुढे चालत राहिले. पण त्यानंतर बाजार त्यांच्याकडे गेला तो गेलाच.

अप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, मैसूरला असते. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने फोन करून आईला झापलं, की या वयात माझ्या भावाला चुलीपुढे उभं करतेस, बाई ठेवा, आम्ही काय मेलो आहोत का. आईने फोन स्पीकरवर टाकला होता, कारण तिला हात वर धरून बसायला त्रास व्हायचा, म्हणून मला ऐकू आलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या भावाला मी जन्मभर पांगळं करून ठेवलं. आता चालायला शिकवतेय. मध्ये येऊ नका."

वर्षभरात अप्पा वरण, भात, सारू, तीन-चार भाज्या, उप्पीट आणि बरी म्हणावी अशी भाकरी करायला लागले. मशीन लावायला लागले. गॅसवाल्याशी भांडायला लागले. येणारे-जाणारे त्यांचं कौतुक करून थकत नसत. "अशी सेवा कोण करतं हो आजकाल," म्हणत. आईने कारखाना सांभाळून इतकी वर्षं घर केलं, त्याला कुणी सेवा म्हटलं नव्हतं. तो संसार होता. अप्पांनी सहा महिने कुकर लावला, ती सेवा झाली. आई ऐकून घ्यायची. तिला लोकांच्या बोलण्यात रस नव्हता, अप्पांना फुलके जमत नव्हते त्याची काळजी होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती एका दुपारी हॉस्पिटलात वारली. आदल्या दिवशी तिने अप्पांना आठवण करून दिली होती, की तूरडाळ संपत आली आहे.

अप्पांनी डाळ आणली नाही, कारण त्या दिवसापासून त्यांना कुणी स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही. आत्या आपल्या मुलीला घेऊन आली. भाऊ आणि भावजय व्हाइटफील्डहून आले. दोघंही तिकडे आयटीत आहेत. तिघी ओट्याशी उभ्या राहिल्या आणि अप्पांना हॉलमध्ये खुर्चीत बसवलं. चहा हातात. पाणी हातात. टॉवेल हातात. आई गेली होती आणि तिच्या जागी तिच्या तीन जुन्या आवृत्त्या येऊन बसल्या होत्या.

अप्पांना ते आवडलं. मला हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते जेवून उठले आणि ताट तिथेच ठेवून हात धुवायला गेले. दोन वर्षांत त्यांनी असं केलेलं नव्हतं.

"अप्पा, ताट उचला," मी म्हटलं.

"काय गं ही तुझी तऱ्हा," आत्या म्हणाली. "बाप आहे तुझा. सुतकात तरी सोड त्याला."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत जाऊन बसले. आत्याच्या मुलीने ताट उचललं. त्या क्षणी मला कळलं की आईची दोन वर्षं पाण्यात जायला दोन आठवडेसुद्धा लागणार नाहीत.

तेराव्याला पंगत उठल्यावर लोक बोलायला उभे राहिले. अप्पांच्या बँकेतले एक गृहस्थ म्हणाले की वहिनींनी आमच्या साहेबांना कधी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही, अशा बायका आता होणार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आईच्या आयुष्यातली जी एक गोष्ट मूर्खपणाची होती, जी निस्तरायला तिने उरलेला सगळा श्वास खर्च केला, तीच नेमकी या माणसाने उचलून हार घालायला घेतली होती. मी उठून पानं गोळा करायला गेले, नाहीतर काहीतरी बोलले असते.

संध्याकाळी भावाने जाहीर केलं की अप्पांना तो व्हाइटफील्डला नेणार. घर बंद ठेवायचं, पुढचं पुढे बघू. मी म्हटलं, अप्पा इथेच राहतील, मी पंधरा मिनिटांवर आहे.

"एकटे?" भाऊ म्हणाला. "ताई, आई असती तर तिने त्यांना एकटं राहू दिलं असतं?"

"दोन वर्षं ती दुसरं काय करत होती असं तुला वाटलं?"

"ती आजारी होती म्हणून त्यांना करावं लागत होतं. आता कशाला?"

हा मुलगा मोठ्या कंपनीत माणसांच्या टीम चालवतो. मी अप्पांकडे वळले. ते शांतपणे म्हणाले की त्याचं बरोबर आहे, तिच्यासाठी करत होतो, आता कुणासाठी करायचं. आत्याने लगेच डोळे पुसले. म्हणजे अप्पांनाही तेच वाटत होतं. दोन वर्षं नाकासमोर खुर्ची टाकून बसलेल्या बाईने काय चालवलं होतं हे त्यांना कळलंच नव्हतं. ते स्वतःला सेवेकरी समजत होते.

मग मी सांगितलं. सांगू नये असं आई कधी म्हणाली नव्हती.

"अप्पा, आजारातही तिला चहा करता येत होता. तुम्ही सकाळी लालबागला फिरायला गेलात की ती उठून स्वतःचा एक कप करून प्यायची. तुमचा तिला आवडत नव्हता. तिला तुमच्याकडून करून घ्यायचं नव्हतं, तुम्हाला शिकवायचं होतं. तुमच्यासाठी."

आत्या मला काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अप्पांचा चेहरा उतरला. ते आत जाऊन पलंगावर बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या गाडीत बसून निघून गेले. मला 'येतो' म्हणाले नाहीत.

भावाचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिथे सगळं चांगलं आहे, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. सकाळी सातला स्वयंपाकाची बाई येते, दिवसभराचं करून डब्यांत भरून जाते, मग ज्याला जेव्हा वेळ होईल तेव्हा तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करून लॅपटॉपसमोर खातो. भावजय पुण्याची, स्वभावाने वाईट नाही. पहिल्या आठवड्यात तिने अप्पांचे तीन फोटो पाठवले, बाल्कनीत, हातात ज्यूस. अप्पा त्यात बसस्टॉपवर बसल्यासारखे दिसत होते. मी त्यांना फोन केला तर "बरं आहे" म्हणायचे आणि फोन भावजयीकडे द्यायचे. मी हरले असं धरून चालले होते. रिकाम्या घरात जाऊन फ्रिज बंद केला, डब्यांतलं उरलेलं काढून टाकलं, झाडांना पाणी घातलं. आईचा राग आला. इतकी हुशार बाई, आणि मेहनत कुठल्या मालावर केली, असं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. तिचा आवाज दबका होता.

"ताई, प्लीज चुकीचं समजू नका, पण अप्पा ना, थोडे डिफिकल्ट होतायत."

"काय केलं?"

"किचनमध्ये जातात. कुक असताना. काल तिच्या हातातून चमचा घेऊन भाजी चाखली आणि म्हणाले, बेटा, फोडणी कच्ची है. परवा तिने आणलेली भेंडी खाली नेऊन भाजीच्या गाडीवर परत करून आले. ती रडायला लागली, ताई. अंकल आत आले तर मी येणार नाही म्हणतेय. आणि इथे कुक मिळत नाही हो, एक वेळ नवरा मिळेल."

मी विचारलं, भेंडी कशी होती. ती म्हणाली, कोणती, पहिली की दुसरी. मी म्हटलं, जाऊ दे.

तिने अप्पांना गोड शब्दांत सांगितलं होतं, की तुम्ही आराम करा, तुम्ही फक्त बसायचं. भावानेही तेच सांगितलं. अप्पांनी "सरी" म्हटलं. आमच्या घरातले पुरुष "सरी" म्हणतात तेव्हा ते मान्य करत नाहीत, फक्त बोलणं संपवतात. भावाला हे माहीत असायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडणार, तोच भावाचा फोन. अप्पा घरात नाहीत. फोन टेबलावर, बॅग नाही. खालच्या सिक्युरिटीवाल्याने पाहिलं, दोन तासांपूर्वी मेट्रोच्या दिशेने चालत गेले. भावाचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. तो म्हणाला, त्यांना काही झालं तर लोक मला काय म्हणतील. मी त्याला तो जिथे आहे तिथेच थांबायला सांगितलं आणि डबा तसाच टेबलावर ठेवून निघाले. ते कुठे गेले असतील याबद्दल मला शंका नव्हती. पोचले असतील का, याबद्दल होती. मॅजेस्टिकला मेट्रो बदलायची, तिथली गर्दी, आणि वय. रिक्षावाल्याला मी घाई करत दोनदा "स्वल्प बेगा होगी" म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि ट्रॅफिककडे हात केला.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. व्हरांड्यात बॅग, तिच्या शेजारी भाजीची पिशवी. आत कुकरची शिटी झाली. अप्पा ओट्याशी उभे होते, पंचा खांद्यावर, एका हाताने झाकण धरून सारूला उकळी येते का बघत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"फ्रिज कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"विचारायचं ना."

मी म्हटलं, तुम्ही सांगून तरी निघायचं, तो तिकडे घाबरून बसलाय. ते म्हणाले की तो मीटिंगमध्ये होता, मीटिंगमध्ये त्याला हाक मारलेली चालत नाही. मग थोडा वेळ ते ढवळत राहिले. मी विचारलं, तिकडे काय झालं. त्यांनी सांगितलं की काही झालं नाही, सगळे चांगले वागले. पण अकराला भूक लागते आणि डबा दीडला उघडतात. आणि भात सकाळचा. त्यांनी सकाळचा हा शब्द असा उच्चारला, जणू कुणी त्यांना फसवायला आलं होतं.

आईचं नाव त्यांनी काढलं नाही. मी सांगितलेल्या चहाबद्दल काही म्हटलं नाही, त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याबद्दलही नाही. त्यांना ते लागलं होतं आणि बहुधा अजून लागलेलं होतं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात.

त्यांनी कुकर उघडला, भात ताटात काढला, वर सारू, बाजूला काकडीची कोशिंबीर. पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला. मी दारात उभी होते. पोटात कावळे ओरडत होते आणि सारूचा वास चांगला येत होता, आईच्या सारूपेक्षा चांगला, हे सांगायला हरकत नाही. अप्पा ताट घेऊन बसले, पहिला घास कालवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"जेवणार होतीस की काय?"

"डबा ऑफिसात राहिला."

त्यांनी ताटाकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं आणि मान हलवली. "आधी सांगायचं. एकापुरताच लावलाय." आणि जेवायला लागले.

मी व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला. अप्पा घरी आहेत, जेवतायत, मला दिलेलं नाही, असं सांगितलं.

"चिडलेत का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही, अगदी बरे आहेत. मग कोपऱ्यावरच्या दर्शनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, गेले आणि दोन इडल्या खाल्ल्या.